डोळ्याला पिवळं, पेटीला काळं

एका मूकपटातला सुतार शिडीवरून पडला तो जागीच मेला, आणि पुढे दुसऱ्या एका मूकपटात भिंतीवर जी अक्षरं उमटली ती त्याच्या भुताने लिहिली, अशी कुजबुज त्या शहरात कितीतरी वर्षं चालू होती. कुजबुज इतकी खात्रीची की लोक भुताचं हस्ताक्षरसुद्धा ओळखायचे. "भुताचा श बघितलात का? पोटात गाठ असते त्याच्या," असं एक निवृत्त पोस्टमास्तर चहाच्या दुकानात छातीठोकपणे सांगत. आणि ऐकणाऱ्यांत, कोपऱ्यातल्या बाकावर, बशीतला चहा फुंकत खुद्द भूत बसलेलं असे.

भूत मान डोलवायचं. "असेल बुवा," म्हणायचं. "तुम्ही पत्रं वाचलेली माणसं, तुम्हाला अक्षरातलं जास्त कळणार."

मग उठून निघायचं. डावा पाय सरळ, आणि उजवा पाय बाहेरून अर्धं वर्तुळ काढत पुढे. कागदावर कंपास फिरवावा तसा. लोकांनी त्याचं नाव कंपासच ठेवलं होतं आणि त्याला ते आवडायचं, कारण ते हत्यार त्याच्या धंद्यातलं होतं.

हा कंपास एका चित्रपट कंपनीत सुतार होता. चित्रपट म्हणजे दोन रिळांचे, वीस मिनिटांचे, काळेपांढरे आणि मुके. त्यात गोष्ट म्हणावी अशी काही नसे. एकाने दुसऱ्याला पाडायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, शेवटी सगळ्यांनी मिळून हौदात पडायचं. बाकीचे सुतार वस्तू टिकावी म्हणून जीव टाकतात, हा ती वेळेवर मोडावी म्हणून टाकायचा. खुर्ची बसल्या क्षणी मोडली पाहिजे, आधी नाही आणि नंतर तर नाहीच. फळी खालच्या अंगाने पाऊण कापायची, वरून अखंड दिसली पाहिजे. खरी वस्तू कुठली आणि मोडकी कुठली हे कळावं म्हणून तो खुणा करायचा, खरीला एक खाच आणि मोडणारीला दोन. लिहून ठेवायचा प्रश्न नव्हता. शाळेची पायरी त्याने एकदाच चढली होती, तीही तिथलं दार बसवायला.

त्याचं हत्यारांचं खोकं मात्र लिहितं होतं. झाकणावर रंगाने ठसठशीत लिहिलेलं, "शहाण्याने हात लावू नये." कंपनीतला प्रत्येक जण स्वतःला शहाणा समजत असल्यामुळे त्याची पटाशी कधी हरवली नाही.

कंपनीचा नायक होता गमत्या. हे पडद्यावरचं नाव, पण आईसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची म्हणतात. अंगाने किडकिडीत, डोळे मोठे, आणि हशा पिकवण्याची अशी हाव की कोणी शिंकलं तरी पुढे होऊन नमस्कार करायचा. कॅमेरा फिरत असो की बंद, समोर चार माणसं दिसली की याने काहीतरी केलंच. कुणाच्या खिशात बेडूक सोड, कुणाची खुर्ची ओढ.

एके सकाळी उघड्या अंगणात चित्रण चाललं होतं. तेव्हा दिव्यांवर भागत नसे, सगळं सूर्याच्या मेहरबानीवर. दृश्य असं की गमत्या खाली शिडी धरून उभा आणि वर रंगारी रंग देतोय. रंगाऱ्याचं काम करणारा नट तापाने आला नाही, म्हणून मालकांनी सुतारालाच वर चढवलं. "तू नुसता भिंतीकडे तोंड करून उभा राहा. तुझं तोंड कुणाला बघायचंय?"

सुतार चढला, वरून ओरडला, "गमत्याभाऊ, ही एका खाचेची शिडी आहे हं, खरी. घट्ट धरा."

गमत्याने वर बघितलं, मग कॅमेऱ्याकडे बघितलं, एक भुवई उचलली आणि दोन्ही हात सोडून टोपी काढून नमस्कार केला. अंगणातली माणसं खो खो हसली. शिडी घसरली. सुतार खाली फरशीवर आला तोवर हसणं संपलंही नव्हतं.

उजवा खुबा गेला. पाच महिने दवाखान्यात. गमत्या एकदा भेटायला आला, पलंगाशी उभा राहून त्याने शेजारच्या रोग्यांना दोन नकला करून दाखवल्या आणि टाळ्या घेऊन गेला.

आणि मालकांनी ते पडणं चित्रपटात ठेवलं. इतकं बेमालूम पडणं पैसे देऊनही मिळत नाही, म्हणाले.

सुताराची बायको थिएटरात जाऊन तो चित्रपट बघून आली. कुणाला न सांगता गेली, कुणाला न सांगता आली. दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसून सफरचंद कापता कापता म्हणाली, "पडताना तुमचा एक जोडा उडतो."

"बरं मग?"

"जोडा उडाल्यावर लोक जास्त हसतात." सुरी थांबली नाही. "माझ्या शेजारी एक बाई होती. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मला म्हणाली, अहो, तुम्ही का हसत नाही?"

नवऱ्याने विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला जरा उशिरा हसायची सवय आहे."

सुताराची बायको म्हणजे एका शिक्षकाची मुलगी. बोलायला कमी, ऐकायला पक्की. नवऱ्याला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि मधेच एखादी खोटी बातमी घालायची. त्याला ती ओळखता आली तर दुसऱ्या दिवशी डब्यात गोड असायचं. असा त्यांचा संसार.

सुतार कामावर परतला तो ही वर्तुळाची चाल घेऊन. पहिल्याच दिवशी अंगण ओलांडताना गमत्या बाकावर लवंडून त्याच्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी बघत होता. तिसऱ्या दिवशी तो सुताराच्या मागून चालला, डावा पाय सरळ, उजवा बाहेरून फिरवत, आणि अंगण हसून लोळलं. सुताराने मागे वळून बघितलं तर गमत्या शीळ घालत उभा.

पुढच्या चित्रपटात ती चाल पडद्यावर आली. काय सांगावं! शहर वेडं झालं. पोरं तशी चालू लागली, लग्न ठरलेले तरुण तसे चालू लागले, एका बँकेच्या मॅनेजरला शिपायाने तसं चालताना पकडलं. खेळण्यांच्या दुकानात चावीचा गमत्या आला, चावी दिली की पाय फिरवत टेबलावरून खाली पडायचा. जाहिरातीत छापलं, 'पाहा कंपास चाल! खुद्द गमत्याने शोधलेली!' म्हणजे पाय मोडला त्याने, मोडक्या पायाची चाल नेली त्याने, आणि टोपणनावही पळवलं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. आता रस्त्याने सुतार निघाला की लोक त्याला हसायचे. "वा काका, हुबेहूब! पण तो मान जरा तिरकी ठेवतो हं." एकाने तर थांबवून शिकवलं, "पाय असा नाही, असा फिरवायचा." स्वतःच्या पायाची शिकवणी सुतार भररस्त्यात उभा राहून ऐकत होता. एका म्हातारीने झापलं, "या वयात नटाच्या नकला करता? लाज नाही वाटत?"

मग मालकांनी बोलावलं. "हे बघ, कंपास. पुढच्या फाटकावर माणसं गमत्याला बघायला उभी असतात. तू असा आत शिरलास की त्यांना वाटतं आम्ही दुय्यम माल ठेवलाय. एकतर सरळ चाल, नाहीतर मागच्या फाटकाने ये."

"सरळ चालता येत नाही, मालक."

"मग मागचं फाटक आहेच की."

मागचं फाटक म्हणजे जिथून भुसा, फुटक्या बरण्या आणि मेलेली कबुतरं बाहेर जायची. सुतार दुसऱ्या दिवसापासून तिथून आत येऊ लागला. पुढच्या फाटकाचा पहारेकरी त्याचा जुना दोस्त, तो लांबून नुसता हात वर करायचा आणि मग दुसरीकडे बघायचा.

त्या दिवसापासून सुताराला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या फाटकातून, सगळ्यांच्या देखत, आपल्या पायांनी आपली चाल चालत आत जायचं. आणि ज्याने ती नेली त्याला ती इतकी जड झाली पाहिजे की त्याने एक पाऊल टाकताना दहादा विचार करावा.

करायला तो काहीही करू शकला असता. गमत्या रोज त्याने केलेल्या वस्तूंवर उड्या मारायचा. दोन खाचांच्या फळीऐवजी एका खाचेची ठेवली की डोकं फुटलं. एका खाचेच्या कठड्याऐवजी दोन खाचांचा ठेवला की गमत्या दुसऱ्या मजल्यावरून खाली. सुतार कितीतरी दुपारी मागच्या फाटकाशी डबा खात हेच बोलायचा. बायको समोर दगडावर बसलेली असायची.

"कठडा सोपा पडेल," तो म्हणायचा.

"पाय मोडेल त्याचा."

"मोडू दे की!"

"आणि मग? फुलं घेऊन लोक रांगेत उभे राहतील. अरेरे म्हणतील." तिने डब्याचं झाकण लावलं. "त्याचा बिचारा करायचा नाही. मला त्याच्यावर लोकांची दया नकोय. मला हसायचंय."

तेवढ्यात सुताराच्या हातून एक घोडचूक झाली, आणि अशी चूक त्या काळी फक्त चित्रपट कंपनीतला माणूसच करू शकत होता. एका दृश्यासाठी नवरीची खोली उभी करायची होती, पांढरीशुभ्र. चुना कमी पडला. त्याने त्यात कोपऱ्यात पडलेली पिवडी, म्हणजे रंगाऱ्यांची पिवळी पूड, कालवली. खोली सायीसारखी दिसायला लागली. सगळे म्हणाले, छान. चित्रण झालं, फिल्म धुतली, पडद्यावर टाकली तर नवरी कोळशाच्या वखारीत बसलेली!

मालक नाचले. गमत्याने पंधरा दिवस सुताराला 'वखारवाला' म्हणून हाक मारली. कॅमेरा चालवणारा तेवढा भला माणूस. त्याने सुताराला बाजूला घेऊन समजावलं, "तुझी चूक नाही रे. माझ्या या पेटीतली फिल्म आंधळी आहे. निळं दाखवलं तर हिला पांढरं दिसतं. पिवळं दाखवलं तर काळं दिसतं. लक्षात ठेव. डोळ्याला पिवळं, पेटीला काळं."

सुताराने ते लक्षात ठेवलं. संध्याकाळी वर्तमानपत्राच्या वेळी बायकोला सांगितलंही, गंमत म्हणून. तिने पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, "परत सांगा."

महिन्याभराने नव्या चित्रपटाची तयारी सुरू झाली. यात गमत्या एका लांबच लांब पांढऱ्या भिंतीपुढून आपली प्रसिद्ध चाल चालत जाणार होता. कॅमेरा एका जागी ठेवायचा, गमत्या डावीकडून निघून उजवीकडे जाणार, पाऊण मिनिट नुसती चाल. मालक म्हणाले, "मागे काही नको. नुसती पांढरी भिंत. लोकांचं लक्ष पायांवर राहिलं पाहिजे."

भिंत सुताराने उभी केली. चुना त्यानेच मारला, तीन हात. शेवटचा हात वाळायला ठेवून दुपारची सुट्टी झाली. मंडळी छपराखाली आडवी झाली, गमत्या तोंडावर टोपी घेऊन घोरत पडला. सुताराची बायको नेहमीसारखी डबा घेऊन मागच्या फाटकाने आली. त्या दिवशी जेवण जरा लांबलं, इतकंच.

सुट्टी संपल्यावर भिंत होती तशीच पांढरी. कुठे कुठे किंचित साय धरल्यासारखी वाटत होती, पण डोक्यावर ऊन असं की भिंतीकडे टक लावून बघणाराच आंधळा झाला असता. मालक डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "झकास!" कॅमेरेवाल्याने पेटीतून पाहिलं, मान बाहेर काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, मग सुताराकडे पाहिलं. सुतार रंधा मारत होता. कॅमेरेवाला खाकरला आणि हँडल फिरवू लागला.

गमत्या चालला. काय चालला! अंगण हसत होतं आणि सुतार रंध्यावरून नजर वर न उचलता हसत होता. बऱ्याच दिवसांनी.

फिल्म शुक्रवारी थिएटरात पोचायची असायची. धुवायची, जोडायची, डब्यात घालून पाठवायची. जोडणाऱ्याला जाड भिंगाचा चष्मा. नखाएवढ्या चौकटीत तो फक्त पाय आहेत की नाहीत ते बघायचा. भिंतीवर काहीतरी आहे असं त्याला दिसलं, पण मुंग्या चढल्या असतील म्हणून त्याने सोडून दिलं. आणि मालक स्वतः कधी आधी बघत नसत. "प्रेक्षकांच्या आधी हसलो की चित्रपट पडतो," असा त्यांचा अनुभव होता.

शुक्रवारी दुपारचा पहिला खेळ. थिएटर गच्च. पुढच्या रांगेत मालक, शेजारी गमत्या नवा कोट घालून. मधल्या रांगेत सुतार आणि बायको.

आता त्या थिएटरातली एक वल्ली सांगायला हवी. चित्रपट मुके, मधूनमधून पडद्यावर लिखाण यायचं, आणि निम्म्या लोकांना वाचता यायचं नाही. म्हणून थिएटरने एक वाचणारा ठेवला होता. पडद्याशेजारी स्टुलावर बसून तो लिखाण मोठ्याने वाचायचा. आवाज असा की बाहेरच्या रस्त्यावरची सायकल थांबायची. लोक त्याला वाचस्पती म्हणत. त्याला एक खोड होती, पडद्यावर जे जे लिहिलेलं दिसेल ते तो वाचायचा. नायिका नदीत बुडत असली आणि मागे पाटी असली, तर तो गरजायचा, "येथे कपडे धुवू नयेत!" किती जणांनी सांगितलं, पण एकदा अक्षर दिसलं की त्याचं तोंड आपोआप उघडायचं.

चित्रपट सुरू झाला. हौद झाला, पीठ उडालं, एका जाड्या पोलिसाच्या डोक्यावर बादली बसली. आणि मग ती भिंत आली, लांब, पांढरी. आणि तिच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळीकुळकुळीत हातभर अक्षरं. डावीकडून गमत्या आला, पाय फिरवत. एकेका शब्दावरून तो पुढे सरकला की मागचा शब्द मोकळा होई.

वाचस्पतीने गळा काढला.

"शिडी!"

लोक हसत होते. गमत्याने खुर्चीत मान पुढे काढली.

"सोडली!"

हसणं जरा कमी झालं.

"चाल!"

आता थिएटरात फक्त मशीनचा खर्र आवाज. पडद्यावरचा गमत्या भिंतीच्या टोकाला पोचला, वळला, टोपी काढून नमस्कार केला.

"चोरली!" वाचस्पतीने सांगितलं, आणि नेहमीच्या सवयीने सगळं एका दमात परत वाचलं, "शिडी सोडली, चाल चोरली!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, शिडी म्हणजे ती! तो जोडा उडालेला माणूस!" दुसरा म्हणाला, "तो कंपास हो, कंपनीतला सुतार! खरंच तसा चालतो!" आणि मग जो हशा पिकला तो गमत्याच्या सगळ्या आयुष्यात पिकला नव्हता. छप्पर हादरलं. फक्त तो त्याच्याबरोबर नव्हता, त्याच्यावर होता.

गमत्या उठला. अंधारात मधल्या वाटेने निघाला आणि घाईत, सवयीने, उजवा पाय फिरवत निघाला.

"शिडी धर!" एकाने टोमणा मारला.

"धर रे धर, शिडी धर!" सगळं थिएटर.

मधल्या रांगेत सुताराची बायको हसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारच्या अनोळखी बाईला ती म्हणाली, "अहो, हसा की."

दुसऱ्या दिवशी कंपनीत कल्लोळ. सगळे भिंतीपाशी. भिंत पांढरी! चित्रण संपल्यावर तिच्यावर चुन्याचा आणखी एक हात कधी बसला, ते कुणी पाहिलं नव्हतं. मालकांनी नाक लावून बघितलं. गमत्या किंचाळत होता, "याचंच काम आहे! याच्याशिवाय कुणाला राग आहे माझा?"

"मला राग आहे हे कबूल करताय म्हणजे," सुतार म्हणाला. "कशाचा बरं?"

मालकांनी कागद आणि पेन्सिल आणली. "लिही. शिडी सोडली. लिही माझ्यासमोर."

सुताराने पेन्सिल घेतली, कानाला अडकवली, अंगठ्याला खोक्यातलं काजळ फासलं आणि कागदावर ठसा उठवला. "एवढंच येतं, मालक. पगाराच्या दिवशी बघता की तुम्ही." खोकं मधोमध पडलेलं होतं. मालक त्याच्यावर पाय ठेवून उभे होते. कॅमेरेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "माझी पेटी समोर असतं ते टिपते." यात खोटं काही नव्हतं.

लिहिता न येणाऱ्याने लिहिलं नाही, आणि दुसऱ्या कुणाचा गमत्याशी दावा नाही. मग लिहिलं कुणी? दुपारपर्यंत भुताचा जन्म झाला, आणि संध्याकाळपर्यंत शिडीवरून पडलेला सुतार जागीच मेला होता, हा कंपास दुसराच कुणी, असंही गावाने ठरवलं.

गमत्याने हातापाया पडून ती भिंत चित्रपटातून कापायला सांगितली. पण थिएटराबाहेर भुताची अक्षरं बघायला रांग लागली होती. मालकांनी कापलं नाही. "लोक हसतायत ना?" म्हणाले. "तुलाच तर हसवायचं असतं."

गमत्या जाईल तिथे 'शिडी धर' त्याच्या आधी पोचलेलं असायचं. न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर त्याच्या स्वतःच्या सासऱ्याने जेवताना म्हटलं. त्याने चाल सोडली, सरळ चालू लागला, तर लोक विचारायचे, "परत केलीस का?" वर्षभरात त्याने शहर सोडलं. स्टेशनवर सामान डब्यात चढवायला पायरी लावत होते, हमालाला काही माहीत नव्हतं, तो आपला म्हणाला, "साहेब, जरा ही शिडी धरता का?" गमत्या तिथेच ट्रंकेवर बसला म्हणतात. मी बघितलं नाही, पण हमालाने हे मला तीनदा सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा ट्रंकेचा रंग वेगळा होता.

गमत्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार पुढच्या फाटकाशी आला. सकाळचे दहा, कामावर जाणारी माणसं, रस्ता भरलेला. डावा पाय सरळ, उजवा अर्धं वर्तुळ काढत. पहारेकऱ्याने फाटकाची दोन्ही दारं उघडली आणि वाकून म्हणाला, "या, भूतराव!" मालक वरच्या खिडकीतून बघत होते. कोणी हसलं नाही. एका माणसाने टोपी काढली.

मागच्या फाटकाला सुताराने त्याच आठवड्यात आतून फळी ठोकली, एका खाचेची.

तो मेला नव्हता. पडला तेव्हा खुबा मोडला, एवढंच झालं. भिंतीवरची अक्षरं भुताने लिहिली नाहीत. ती त्याच्या बायकोने दुपारच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणात चुना आणि पिवडी कालवून, दोन बोटं रुंद ब्रशने लिहिली. खोक्यावरचं अक्षरही तिचंच होतं. श तिचा तसाच यायचा, पोटात गाठ घेऊन.